पाणी पुन्हा निम्मे

चिठ्ठीतलं ते वाक्य अकरा शब्दांचं होतं आणि त्यातला एकही शब्द मला अडला नाही. अडला असता तर बरं झालं असतं. अडलं की माणूस कुणाला तरी विचारतो.

"इन हॉट वेदर प्लीज गिव्ह हर हाफ ॲज मच वॉटर अगेन."

लिहिणारे होते बारा नंबरच्या खोलीतल्या आजींचे जुने डॉक्टर. स्वतः ऐंशीच्या घरात, दवाखाना कधीच बंद केलेला. पण आजी आमच्या शुश्रूषागृहात राहायला आल्या तेव्हा त्यांनी चार पानं हाताने लिहून पाठवली. औषधं, पथ्य, झोप, पाणी. डॉक्टरांचं असून वाचता येणारं अक्षर, आणि इंग्रजी अशी कडक इस्त्रीची की वाचताना आपणच जरा ताठ बसावं.

असली पानं आली की ती माझ्या टेबलावर येत. मी त्यांची मराठी कार्डं करायची, मेट्रनबाईंनी खाली सही करायची, आणि कार्ड त्या त्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर चिकटवायचं. खोलीत काम करणाऱ्या बायका ते वाचून चालायच्या. आधी मीही त्यांच्यातलीच. सातवीत शाळा सुटली होती. इंग्रजी मी शिकले ती रद्दीतून उचललेल्या एका व्याकरणाच्या पुस्तकातून, भांडी आवरून झाली की रोज दोन पानं, अशी सहा वर्षं. मेट्रनबाईंना ते कळलं आणि त्यांनी मला टेबल दिलं. आठवड्यातून एक दिवस कुणाच्या सुट्टीला खोल्या बघायच्या, बाकी दिवस खुर्ची. खुर्चीची सवय फार लवकर लागते.

त्या पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण म्हणजे कमीजास्त कसं सांगायचं ते. मोजता येतं त्याला मेनी, मोजता येत नाही त्याला मच. पेले मेनी, पाणी मच. कमीसुद्धा दोन तऱ्हेचं. पेले कमी असतील तर फ्यूअर, पाणी कमी असेल तर लेस. नुसतं फ्यू म्हटलं तर जवळजवळ नाहीतच, आणि पुढे एक 'अ' आणून ठेवला की थोडे का होईना, आहेत. एवढ्याशा 'अ'ने केवढी आशा! शिवाय आपण आधी कशापेक्षा ते सांगतो आणि मग जास्त की कमी ते. इंग्रज आधीच 'जास्त' म्हणून मोकळे होतात, कशापेक्षा ते मागून येतं. माझ्या सासूबाई मराठीच बोलायच्या, त्यामुळे 'थोरलीपेक्षा' एवढं कानावर आलं की पुढचं मला कळायचं आणि मी स्वयंपाकघरात सटकायची. इंग्रजीत ती सोय नाही.

प्रकरणाच्या शेवटी 'पटी' म्हणून दीडेक पान होतं. ते मी सोडून दिलं. दुप्पट, तिप्पट, निम्मं, यात काय शिकायचं? पाढे मला पाठ होते.

तर ते वाक्य. हाफ म्हणजे निम्मं. वॉटर म्हणजे पाणी. अगेन म्हणजे पुन्हा, आणि 'पुन्हा' का, तेही मला लगेच लागलं. दुसऱ्या पानावर डॉक्टरांनी आजींचं मीठ निम्मं करायला सांगितलं होतं, म्हणजे आता पाणीही पुन्हा निम्मं. मधलं 'ॲज मच' तेवढं बसेना. ते म्हणजे 'तितकंच', आणि एकच गोष्ट निम्मी आणि तितकीच कशी असेल? मी ते बाजूला सारलं. इंग्रजीत बरेच शब्द उगीच उभे असतात, ग्रुप फोटोतल्या अनोळखी माणसांसारखे.

आजींचं रोजचं पाणी सहा पेले होतं. मी कार्डावर लिहिलं: उकाड्यात पाणी पुन्हा निम्मे, तीन पेले. मेट्रनबाईंनी सही केली. त्यांची इंग्रजी माझ्याहून बरी होती, पण त्या घाईत होत्या.

उकाडा सुरू झाला त्या सोमवारी आक्का कार्डापाशी उभ्या राहिल्या. आक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. मला या कामात त्यांनीच आणलं, माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं ते त्यांनीच शिकवलं. मी खुर्चीवर बसायला लागल्यापासून मला मास्तरीणबाई म्हणायच्या, थोडं कौतुकाने, बरंचसं टोमण्याने.

"मास्तरीणबाई, हे काय लिहिलंय? उकाड्यात पाणी कमी?"

"मी नाही, डॉक्टरांनी लिहिलंय."

"अगं, घामाने उशा ओल्या होतायत. झाडालासुद्धा आपण या दिवसांत जास्त घालतो."

"आजी झाड आहेत का? नऊ नंबरच्या काकांना पाणी मोजूनच देतो ना आपण? पाय सुजतात म्हणून? आजींचेही पाय सुजतात."

"सुजतात, पण एवढेसे."

"आक्का, हाफ म्हणजे काय?"

त्यांनी पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"सांगा ना. हाफ तिकीट म्हणजे काय?"

"निम्मं."

"मग झालं तर!"

चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघी खुदकन हसल्या. आक्काही हसल्या, असं मला तेव्हा वाटलं. "मग काय, तू म्हणशील ते," म्हणाल्या, आणि पेला विसळायला गेल्या.

नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, आजींनी आक्कांना आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मग बसताना एका बाजूला कलल्या. जीभ टाळ्याला चिकटलेली, डोळे आत गेलेले. रुग्णवाहिका आली, नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातून निरोप आला की अंगातलं पाणी पार आटलं आहे, मूत्रपिंडं थकली आहेत, चार दिवस काही सांगता येणार नाही.

मेट्रनबाईंनी आजींच्या खोलीतला रोजचा तक्ता काढला. कधी काय खाल्लं, किती पाणी दिलं, सगळं त्यात लिहायचं असतं. पाण्याच्या रकान्यात तीन, तीन, तीन, सरळ रेषेत खाली. मग त्यांनी डॉक्टरांचं मूळ पान काढलं, मग माझं कार्ड. बोट ठेवून ताडून पाहिलं. हाफ, निम्मं, बरोबर. आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी आक्कांना बोलावलं. मेट्रनबाई आक्कांना आधीपासूनच पाण्यात पाहायच्या, कारण आक्का त्यांच्याही आधीच्या.

"डॉक्टरांनी तीन सांगितले. कार्डावर तीन. तक्त्यात तीन. तीन पेले पोटात गेले असते तर बाई अशी कोरडी पडली असती का?"

"मी दिले, मॅडम."

"दिले म्हणून लिहिले. बाथरूमला वारंवार न्यायला लागू नये म्हणून पाणी तोडलंत आणि इथे तीन-तीन रेघोट्या मारत बसलात. परवा आजींची लेक येतेय. तिच्यासमोर हे सांगायचं, सही करायची आणि जायचं."

आक्का एकतीस वर्षं हेच काम करत होत्या. म्हाताऱ्या माणसाचं पाणी तोडलं, असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या बाईला दुसरं शुश्रूषागृह दारातही उभं करत नाही. त्यांना ते माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की कार्ड बरोबर आहे.

दुपारी कपडे धुण्याच्या खोलीत मशीन घरघरत होतं, आणि आक्का त्या आवाजाच्या आडोशाने मला म्हणाल्या, "चार."

"काय चार?"

"पेले. रोज चार दिलेत मी. तीन तुझ्या कार्डाचे आणि एक माझा. मेट्रनबाई जेवायला गेल्या की."

"अहो, मग सांगा की बाईंना!"

"काय सांगू? डॉक्टरांनी तीन सांगितले आणि मी चार दिले? म्हणतील, तुझ्या चौथ्यानेच झालं. कमी दिलं म्हणा नाहीतर जास्त दिलं म्हणा, जाणार मीच." त्यांनी ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. पीळ."

चादर पिळताना माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. तीन पेल्यांनी भागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आक्कांनी चार दिले. आणि तरी आजी कोरड्या. म्हणजे एकतर आक्का खोटं बोलत होत्या, किंवा चार पानं इतकी जपून लिहिणारे ते डॉक्टर चुकले होते, किंवा. तो दुसरा 'किंवा' आला आणि माझ्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

"काय गं?" आक्का म्हणाल्या.

"काही नाही, हात घसरला."

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी पुस्तक काढलं आणि सोडलेलं ते दीड पान उघडलं. दुप्पट, तिप्पट, निम्मं, सगळं मला येत होतं तसंच. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: धिस रूम इज हाफ ॲज बिग अगेन ॲज दॅट वन. खाली मराठी: ही खोली त्या खोलीच्या दीडपट मोठी आहे. आणि त्याखाली बारीक टाइपात: येथे हाफ म्हणजे निम्मे नव्हे. आहे तितके, आणि वर त्याचे निम्मे.

दीडपट. सहाचे नऊ.

आपल्याकडे सव्वापट आहे, दीडपट आहे, पावणेदोनपट आहे, अडीचपट आहे. प्रत्येकाला एकेक शब्द. त्या लोकांकडे दीडला सुटसुटीत शब्द नाही, म्हणून चार शब्दांची मोळी बांधतात. मी ती मोळी सोडून एकेक काटकी तपासत बसले आणि जी बसेना ती फेकून दिली. सहाचे नऊ व्हायचे होते, मी तीन केले.

आमचे हे शिलाईचं काम करतात. मशीनवरची मान न उचलता म्हणाले, "जेवण?"

मी सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"तुझं नाव घेतलंय का कुणी?"

"नाही."

"मग थांब ना जरा. आक्कांना काढतात का ते तरी बघ. कदाचित नुसतं रागावून सोडतील."

"आणि काढलं तर?"

"तर मग बोल. मी बोलू नकोस म्हणत नाहीये."

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण त्यांनी म्हणायच्या आधी अगदी हेच माझ्या मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी ती ओळ वाचली. परत वाचली. चष्मा काढून पुसला.

"पुस्तकात काय वाट्टेल ते छापतात."

"मॅडम, मी चुकले. आक्का नाही."

"हळू बोल." त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला, तो मला जास्त लागला. "कार्डावर सही कुणाची आहे? आक्का चुकल्या तर आक्का चुकल्या. कार्ड चुकलं तर सगळं शुश्रूषागृह चुकलं. तुला टेबल मी दिलं, लोक नको म्हणत असताना. आहे ना लक्षात?"

"आहे."

"मग उद्या फाइल आणून द्यायची आणि बाहेर जाऊन बसायचं. तुझं काम तेवढंच."

लेक आली तेव्हा अकरा वाजले होते. रुग्णालयातून थेट आली होती, केस दोन दिवस विंचरलेले नव्हते. आक्का भिंतीशी उभ्या, दोन्ही हात एप्रनच्या खिशात. मी फाइल टेबलावर ठेवली. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मी गेले नाही. धीट होते म्हणून नाही, पाय हलले नाहीत म्हणून.

लेकीने डॉक्टरांचं पान वाचलं. शिकलेली बाई, मोठ्या कार्यालयात कामाला. बोट ओळीवर ठेवून म्हणाली, "हो. निम्मंच लिहिलंय डॉक्टरकाकांनी."

मेट्रनबाईंनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. माझाही सुटला असणार. तिलाही निम्मंच वाटलं होतं. आता मी तोंड मिटून घेतलं असतं तर मला आयुष्यात कुणी काही विचारलं नसतं.

"ताई," मी म्हणाले, "त्याचा अर्थ निम्मं नाही."

"म्हणजे?"

"दीडपट. सहाचे नऊ. मी मराठी करताना चुकले. कार्ड माझं आहे. आक्कांनी ते बघूनच पाणी दिलं." मी पुस्तक उघडून तिच्यासमोर सरकवलं. पान आधीच दुमडून ठेवलं होतं.

"तिचं नका ऐकू," मेट्रनबाई म्हणाल्या. "ती घाबरलीय. दोघी मैत्रिणी आहेत, एकमेकींना सांभाळून घेतात."

लेकीने पुस्तकातली ओळ वाचली, मग चिठ्ठीतली, मग पुन्हा पुस्तकातली. मग तिने फोन काढून डॉक्टरांना लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरांना ऐकू कमी येत होतं. तिला प्रश्न तीनदा विचारावा लागला.

"उकाड्यात?" पलीकडून आवाज आला. "दीडपट गं! सहाचे नऊ. लिहून दिलंय की मी स्पष्ट! का, काय झालं?"

ती "नंतर सांगते, काका" म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

मग तिने आक्कांना विचारलं, "आई पाणी मागायची का हो?"

"मागायच्या." आक्का खाली बघत होत्या. "म्हणून तर चौथा द्यायचे."

"चौथा?" मेट्रनबाई ताडकन म्हणाल्या.

"हो, चौथा," आक्का म्हणाल्या. "लिहिला नाही, पण दिला. काय करायचं ते करा आता."

लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले. मला म्हणाली, "तुम्ही किती शिकलात?"

"सातवी. पुढचं माझं मी."

"आणि तुम्ही लिहिलेलं कुणी तपासत नव्हतं?"

तिने कार्ड उचललं आणि खालची सही वाचली. मेट्रनबाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

आक्कांना कुणी काढलं नाही. लेकीने उलट त्यांनाच विचारलं की रोज दुपारी रुग्णालयात येऊन आईपाशी बसाल का, तिला तुमची सवय आहे. मला तिने काही विचारलं नाही, काही बोललीही नाही. ओरडली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं, पण माझं हलकं करायला ती आलीच नव्हती. जाताना वळून पाहिलं तेही आक्कांकडे. माझं टेबल गेलं. सगळी कार्डं पुन्हा तपासायला बाहेरून कुणी येणार असं ठरलं, आणि मला उद्यापासून खोल्यांवर यायला सांगितलं. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. आजी डोळे उघडत होत्या, मिटत होत्या. रुग्णालयातले डॉक्टर "बघू" म्हणत.

त्याच दुपारी रुग्णालयाने नऊ दिवसांचा खरा हिशेब मागितला: पाणी रोज नेमकं किती गेलं. मेट्रनबाईंनी कोरा तक्ता माझ्यासमोर टाकला. "तुम्ही दोघी मिळून लिहा," म्हणाल्या, "आता तरी खरं."

आम्ही रिकाम्या बारा नंबरमध्ये बसलो. गादी उघडी होती, चादर काढून नेलेली. आक्का पलंगाच्या कडेला, मी स्टुलावर. जुना तक्ता बघून मी वार वाचायची आणि आक्का आकडा सांगायच्या.

"सोमवार?"

"चार."

"मंगळवार?"

"चार."

"आक्का," मी मध्येच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी..."

"लिही आधी."

"मला म्हणायचं होतं की..."

"काय म्हणायचंय ते कळलंय मला. तू बोललीस म्हणून मी राहिले, हेही कळतंय. पण तू चारचौघींत मला हाफ तिकीट विचारलंस. ते जरा राहू दे माझ्याजवळ. जाईल तेव्हा जाईल." त्यांनी गुडघा चोळला. "बुधवार चार. गुरुवार चार. शुक्रवार, थांब, शुक्रवारी मेट्रनबाई जेवायला गेल्याच नाहीत, मग मी संध्याकाळी दिला. चारच."

मी लिहीत गेले. शनिवार चार.

"रविवार?"

मी मान वर केली. त्या माझ्याकडेच बघत होत्या, रागाने नाही, नुसत्या.

"रविवारी माझी सुट्टी होती," त्या म्हणाल्या. "तू होतीस."

जुन्या तक्त्यात रविवारचा तीन माझ्या अक्षरात होता. लेकीने "आई पाणी मागायची का" असं विचारलं तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले होते, कारण प्रश्न आक्कांना होता. रविवारी दुपारी आजींनी माझं मनगट धरलं होतं. "बाई, अजून थोडं." मी म्हटलं होतं, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" आणि त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून कपाटावरचं कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं होतं. छान, स्पष्ट उच्चारात. आजी "बरं" म्हणाल्या होत्या. शहाण्यासारख्या. मनगट सोडून दिलं होतं.

"किती?" आक्कांनी विचारलं.

"तीन," मी म्हणाले. "मागितलं होतं त्यांनी. मी नाही दिलं."

आक्का काही वेळ उघड्या गादीवरून हात फिरवत राहिल्या, सुरकुती नसलेल्या जागी सुरकुती काढल्यासारख्या.

"लिही मग," त्या म्हणाल्या. "तीन."

मी लिहिलं. शाई जरा पसरली, म्हणून कागद उचलून फुंकर मारली.

"पुढे," आक्का म्हणाल्या. "सोमवार. चार."